खानापूरच्या जंगलपट्ट्यातली देवराई बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवराई आणि साधं जंगल यात फरक काय?

देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुठे तिला राई म्हणतात, कुठे देवाचं रान. सातेरी, माउली, रवळनाथ, वेताळ किंवा नुसता ‘राखणदार’ अशा एखाद्या देवाचं ठाणं आत असतं. बऱ्याचदा तिथे देऊळही नसतं. झाडाच्या बुंध्याशी चार दगड, एखादं वारूळ, मातीचे दिवे, एवढंच. नियम बहुतेक गावांत एकच: राईतलं लाकूड तोडायचं नाही, आणि खाली पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आजूबाजूचं रान कोळशासाठी, कुमरीसाठी (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीसाठी), सागाच्या लागवडीसाठी कितीदा तरी तुटलं. या नियमामुळे राईचा तुकडा तेवढा वाचला. म्हणून इथल्या मूळच्या सदाहरित जंगलाचा नमुना बघायचा असेल तर तो अनेकदा मोठ्या जंगलात नाही, गावाशेजारच्या राईत सापडतो.

केवढी असते?

काही गुंठ्यांपासून काही एकरांपर्यंत. आकाराचा हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत. वीस गुंठ्यांची राई साधारण चौरस असेल तर तिची एक बाजू जेमतेम ४५ मीटर भरते. म्हणजे अगदी मधोमध उभं राहिलात तरी उघडं शेत २२-२३ मीटरांवर आहे. ऊन, वारा, गुरं आणि माणसं या सगळ्यांना आत शिरायला एवढंच अंतर. शेकडो चौरस किलोमीटरच्या जंगलात दहा माणसं वाट सोडून हिंडली तर फारसं बिघडत नाही. वीस गुंठ्यांत बिघडतं.

तुम्ही राईंची नावं आणि नेमक्या जागा का देत नाही?

वरच्याच कारणासाठी. एखाद्या राईचं नाव फोनवर फिरलं की दोन रविवारांत तिथे पन्नास गाड्या उभ्या राहतात, आणि गावाकडे ना पार्किंगची सोय असते ना मनुष्यबळ. जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा, गुंजी या पट्ट्यांत कुठल्याही गावात उतरून ‘तुमची देवाची राई कुठे आहे, बघायला चालेल का?’ असं विचारा. ज्या गावाला पाहुणा चालतो ते गाव वाट दाखवतं. ज्याला चालत नाही ते सरळ नाही म्हणतं, आणि ती नाही मानायची.

परवानगी कुणाची घ्यायची?

जमीन कुणाची आहे त्यावर ते ठरतं. काही राया देवस्थानच्या किंवा गावच्या जागेत आहेत, काही राखीव जंगलात, काही भीमगड अभयारण्याच्या हद्दीत.

गावच्या जागेतली असेल तर गावचे पंच, गावकर किंवा पूजेचा मान असलेला गुरव. आदल्या दिवशी फोन झाला तर उत्तम. नसेल तर गावात पोचल्यावर आधी देवळाकडे जा, परस्पर राईत शिरू नका. राखीव जंगलात असेल तर वन खात्याच्या त्या भागातल्या कार्यालयाची परवानगी लागते. विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे आणि ‘आम्ही नुसतं बघायला आलो’ हे उत्तर तिथे चालत नाही. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे आणि गवाळी, पास्टोली, देगाव अशी गावं त्याच्या पोटात आहेत. तिथे गावात ओळखीचं माणूस असलं तरी वन खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

एक घोळ नेहमी होतो. गाव हो म्हणतं, पण वाट राखीव जंगलातून जाते आणि अर्ध्या वाटेवर वनरक्षक अडवतो. म्हणून विचारताना ‘राई कुणाच्या जागेत आहे’ आणि ‘वाट कुणाच्या जागेतून जाते’ असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

कुठल्या दिवशी जाऊ नये?

वार पाळणूक चालू असताना. बेळगाव-खानापूरकडच्या गावांत ठरावीक काळात मंगळवार किंवा शुक्रवार पाळतात. त्या दिवशी शेतीची कामं बंद असतात आणि काही ठिकाणी बाहेरच्या माणसाचं गावात येणंही चालत नाही. हे दिवस गावागणिक बदलतात, त्यामुळे कॅलेंडरवर सापडणार नाहीत. फोन करूनच विचारा. गावाने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं असेल त्या दिवशी आणि शिमग्याच्या विधींच्या वेळीही आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. जत्रेच्या दिवशी जायला हरकत नसते, पण त्या दिवशी राई बघून होत नाही, गर्दी बघून होते.

बायकांना आत जाता येतं का?

बहुतेक राईंत येतं. काही ठिकाणी देवाच्या ठाण्याजवळ बायकांनी जायचं नाही असा रिवाज आहे, काही ठिकाणी पाळीच्या दिवसांत राईतच यायचं नाही असं सांगतात. आम्हाला हे रिवाज पटत नाहीत. पण ते बदलायचे ते गावातल्या बायकांनी आणि गावाने. वेशीवर उभं राहून पाहुण्याने घातलेल्या वादाने ते बदललेले नाहीत. गटात बायका असतील तर गावातल्या बायकांनाच आधी विचारा, खरं उत्तर तिथेच मिळतं. एकीलाही बाहेर थांबवणार असतील तर दुसरी राई बघा.

चपला काढाव्या लागतात. मग साप-काट्यांचं काय?

बऱ्याच राईंत ठाण्यापुरत्या काढायच्या असतात, काहींत हद्दीपासूनच. काही गावांत कातड्याचा पट्टा आणि पाकीटही चालत नाही. कापडाचा पट्टा आणि रबरी बूट घालून गेलात तर निम्मा प्रश्न सुटतो. पूर्ण राईत अनवाणीच जायचं असेल तर मळलेल्या वाटेने फक्त ठाण्यापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. पाचोळ्यात अनवाणी पाय घालू नका. फुरसं पाचोळ्याच्या रंगाचं असतं आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही.

जायला चांगला काळ कुठला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाटा वाळलेल्या, पाणी अजून वाहतं, सकाळी धुकं. सात ते दहा ही वेळ सगळ्यात चांगली.

जून ते सप्टेंबर या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. मणतुर्ग्याजवळ हलात्रीचा पूल पाण्याखाली गेला की हेमाडग्याचा रस्ता बंद होतो, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर झाडं पडतात. राई तेव्हा सगळ्यात देखणी असते हे खरं: बुंध्यांवर शेवाळ, कुजक्या लाकडावर अळंब्या, फांद्यांवर आमरी (ऑर्किड). पण वाऱ्यात जुन्या झाडाखाली उभं राहणं धोक्याचं असतं. वारा सुटला की बाहेर या, एवढा एक नियम पाळा.

मार्च-एप्रिलमध्ये अंजनीला निळी-जांभळी फुलं येतात आणि सुरंगीचा वास लांबून येतो. पण पाचोळा कोरडा ठणठणीत असतो आणि गोचिडांचाही तोच हंगाम. मे महिन्यात जांभळं पिकतात तेव्हा अस्वलंही त्याच झाडांकडे येतात. पहाटे आणि संध्याकाळी तेव्हा राईत थांबू नका.

कसं पोचायचं?

बेळगावहून खानापूर सुमारे २६ किलोमीटर. खानापूर, गुंजी आणि लोंढा ही रेल्वे स्टेशनंही आहेत. कणकुंबीकडे जायचं तर बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी असा रस्ता आहे. आतल्या गावांना बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात. बसवरच्या पाट्या कानडीत असतात, तेव्हा कंडक्टरला गावाचं नाव सांगून खात्री करा आणि परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरण्याआधीच विचारा. गावात सगळीकडे मराठी चालतं. वन खात्याच्या कार्यालयात अर्ज द्यायचा असेल तर तो कानडीत लिहून नेल्यास काम लवकर होतं.

जांबोटी-खानापूर सोडलं की नेटवर्कचा भरवसा नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा.

किती जणांनी जावं?

सहा ते आठ, त्यात गावातला एक जण. यापेक्षा जास्त असाल तर दोन गट करा आणि एक गट बाहेर आल्यावर दुसरा आत सोडा. राईतली वाट एका माणसाच्या रुंदीची असते. गट मोठा झाला की मागचे लोक वाटेच्या कडेने चालतात. तिथेच यंदाची रोपं उगवलेली असतात, बोटभर उंचीची, दोन पानांची. पायाखाली माती दबली की पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षीचं बी रुजत नाही. राई म्हातारी होत जाते ती अशी: वर मोठी झाडं उभी, खाली एकही पोर नाही.

आत गेल्यावर काहीच दिसत नाही. बघायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर एकच: चालू नका, थांबा. एका जागी पंधरा मिनिटं गप्प उभं राहिलात की पक्षी पुन्हा बोलायला लागतात. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ची पुरे. यापेक्षा जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण राईतल्या कमी उजेडात हातात हलते आणि चित्र काळपट दिसतं.

सुरुवात खालून करा. पाचोळा बोटभर बाजूला सारून बघा (आणि परत तसाच ठेवा): वर अख्खी पानं, खाली जाळीदार झालेली, त्याखाली पांढरे बुरशीचे धागे, त्याखाली काळी भुसभुशीत माती. पावसाचं पाणी मुरवण्याचं काम हाच थर करतो. कितीतरी राईंच्या पायथ्याशी झरा असतो, आणि तो उन्हाळ्यातही टिकतो त्यात या थराचा मोठा वाटा आहे.

मग बुंधे. साल खरबरीत आहे की गुळगुळीत, बुडाशी आधाराच्या फळ्या फुटल्यात का. मग वेली. गारंबी दिसली तर तिची शेंग शोधा, हातभर किंवा त्याहून लांब असते. भेरली माडाला लोंबणारे घोस दिसले तर खाली उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा सापडते. छताकडे बघताना शेकरूचं घरटं ओळखा: पानं-काटक्यांचा मोठा गोळा, दोन झाडांच्या फांद्या जिथे भिडतात तिथे. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, त्यामुळे ते दिसणं म्हणजे छत अजून सलग असल्याची खूण.

धनेश दिसला तर एक पथ्य पाळा. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. ढोलीखाली माणसं उभी असली की नर चोचीत फळ घेऊन लांब बसून राहतो. आत मादी आणि पिल्लं उपाशी. ढोली सापडली तर किमान पन्नास मीटर मागे जा आणि जागा कुणाला सांगू नका.

हे रान किती जुनं आहे हे कसं ओळखायचं?

आकड्यात ओळखता येत नाही. सागाच्या लाकडात वर्षाची वलयं दिसतात, पण इथल्या बहुतेक सदाहरित झाडांत ती स्पष्ट नसतात, आणि फार मोठे बुंधे आतून पोकळ असतात. घेरावरूनही फसगत होते. वड-उंबर भराभर जाड होतात. उलट अंजनी इतकी हळू वाढते की मनगटाएवढं खोड कित्येक दशकांचं असू शकतं. ‘पांडवकालीन’, ‘हजार वर्षांचं’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, लिहून टाकू नका.

खुणा मात्र आहेत. मांडीएवढ्या जाड वेली, कारण वेल जाड व्हायला तिचा आधारही तितका काळ उभा असावा लागतो. वेगवेगळ्या वयाची एकाच जातीची झाडं. उभी वाळलेली आणि आडवी पडून कुजणारी मोठी खोडं. जांभूळ, अंजनी, पिसा, रानजायफळ, उदी-धूप अशा सावलीत रुजणाऱ्या जाती भरपूर आणि ऐन-किंदळ कडेलाच. शिवाय रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली, उघड्या जागी माजणारी झुडपं आत नसणं. हे सगळं एकत्र दिसलं तर ते रान जुनं आहे असं खुशाल म्हणा.

राईंच्या शास्त्रीय अभ्यासाला आपल्याकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्या १९७०च्या दशकातल्या पश्चिम घाटातल्या नोंदींनी चालना दिली.

अंगावर काय घालावं, बरोबर काय न्यावं?

फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे (फिकट रंगावर गोचीड दिसतं), विजार मोज्यात खोचलेली, टोपी. अत्तर नको, आग्या मोहोळ त्याने चवताळतं. माणशी दीड लिटर पाणी, साबण, बारीक चिमटा, क्रेप बँडेज, जलसंजीवनीची दोन पाकिटं, टॉर्च. दानपेटीसाठी सुटे पैसे.

जळवांचं काय करायचं?

चिकटलेली जळू ओढू नका. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवा, मग जाड टोकाखाली, आणि टिचकी मारून दूर करा. रक्त पातळ ठेवणारं द्रव्य ती सोडते म्हणून जखम बराच वेळ वाहते. साबणाने धुवा आणि दाबून धरा. मीठ, चुना किंवा तंबाखूचं पाणी मोज्यावर लावलं तर चालेल, पण राईच्या जमिनीवर मीठ टाकू नका. त्याने पाचोळ्यातले जीव मरतात.

गोचिडाला एवढं का घाबरायचं?

माकडतापामुळे. क्यासनूर जंगलताप हे त्याचं दुसरं नाव. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि नंतर खानापूरला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही त्याची साथ आली. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. विषाणू गोचिडाच्या चाव्यातून येतो. गोचिडाची बाळ-अवस्था खसखशीएवढी असते, त्यामुळे चावलेलं कळतही नाही.

पाचोळ्यात बसू नका, आडवे होऊ नका. उघड्या त्वचेला कीटक दूर ठेवणारं मलम लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे तपासा. गोचीड सापडलं तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, पिळणं, बोटांनी चिरडणं यातलं काही नको. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मी या रानात गेलो होतो’ हे वाक्य न विसरता सांगा. राईत किंवा वाटेवर माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका आणि वन खात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

साप चावला तर?

चिरा मारू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा कारण सूज येते. चावलेला हात-पाय लाकडाच्या आधाराने न हलेल असा ठेवा, माणसाला चालवू नका, चावल्याची वेळ लिहा. १०८ला फोन लागला तर ठीक, नाही तर मिळेल त्या गाडीने खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात. साप मारून नेण्यात वेळ जातो आणि दुसरा चावा बसतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळणारी लस हिरव्या-तपकिरी चापड्यावर चालेलच असं नाही. म्हणून चापडा चावला तरी दवाखान्यात जायचंच, उपचार डॉक्टर ठरवतील.

हात कशाला लावू नये?

वारुळाला: सातेरीचं ते रूप मानतात आणि आत नागही असू शकतो. खाजकुयलीच्या लवदार शेंगांना. बिब्ब्याच्या आणि रानबिब्ब्याच्या बुंध्याला: काळा डिंक अंगाला लागला की फोड येतात आणि आठवडाभर जळजळतं. लागलाच तर लगेच साबणाने धुवा, चोळू नका.

बी किंवा रोप घरी नेलं तर काय बिघडतं? झाड वाढवणारच आहोत.

नका नेऊ. या रानातल्या जांभूळ, फणस, आंबा अशा झाडांच्या बिया वाळल्या की मरतात, खिशातून बेळगावला नेऊन महिन्याने पेरल्या तर उगवत नाहीत. उपटलेलं रोप तर क्वचितच जगतं, कारण सावली, ओल आणि मुळांशी जडलेली बुरशी मागे राहते. बी हवंच असेल तर गावाला विचारून राईबाहेर रस्त्यावर पडलेलं घ्या आणि दोन-तीन दिवसांत पेरा.

आमचं मंडळ राईत स्वच्छता मोहीम घेऊ इच्छितं. चालेल?

प्लास्टिक, काचा, नायलॉनच्या साड्या, बाटल्या गोळा करणार असाल तर गावाला विचारून जरूर या. करवंट्याही उचला, पाणी साठून डास होतात. पण पाचोळा झाडणं, झुडपं छाटणं, वेली तोडणं, पडलेलं खोड हलवणं ही स्वच्छता नव्हे. खालचं झुडूप गेलं की ऊन जमिनीवर येतं, माती सुकते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर रानमोडी घुसते. मग ती वाळते आणि उन्हाळ्यात तीच पेटते. एकदा सगळ्या बाजूंनी रानमोडी शिरलेली राई परत आणायला वर्षानुवर्षं लागतात.

गुलमोहर, सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची रोपं भेट म्हणून आणू नका. देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी द्यायची असेल तर एकच विनंती करा: फरशी आणि पत्रा ठाण्यापुरताच राहू दे, बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा नको. कट्ट्याखाली मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी झाड शेंड्याकडून वाळायला लागतं, तेव्हा कट्ट्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

दिवा, उदबत्ती, कापूर लावायचा आहे.

फेब्रुवारी ते मे लावू नका. नारळ ठेवा, हात जोडा. बाकीच्या दिवसांत ठाण्याच्या दगडावर, गुरवाच्या समोर, आणि विझल्याशिवाय जागा सोडायची नाही.

फोटो काढले तर?

ठाण्याचा फोटो विचारून. झाडांचे खुशाल. पण आमरी, धनेशाची ढोली, सापाचा फोटो टाकताना जागेची नोंद काढून टाका. ड्रोन नको: परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय त्याच्या आवाजाने मोहोळ उठतं. मोहोळ उठलंच तर हात न झाडता, तोंड झाकून, झाडीतून बाहेर पळत सुटा. नांग्या नखाने खरवडून काढा. दम लागणं, चेहरा सुजणं दिसलं तर थेट दवाखाना.

मुलांना न्यावं का?

आठ वर्षांच्या पुढच्यांना नक्की. त्यांना एक काम द्या: दहा वेगवेगळ्या आकारांची पानं जमिनीवर शोधायची, बघायची, तिथेच ठेवायची.

गावाला काय द्यायचं?

वाट दाखवणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी आधीच बोलून पूर्ण द्या. जेवण सांगायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. दानपेटीत टाकलेले पैसे देवाचे. मजुरी वेगळी.